एक तार, दोन कान

“काल इयरफोनच्या टोप्या बदलल्या, आज तार बदलली. उद्या बायको बदलतील,” आई लेकीच्या कानाशी कुजबुजली आणि शिवणयंत्रावरचं कापड सारखं करू लागली.

लेक हसली. उत्तर द्यायला मात्र ती टेबलाला वळसा घालून आईच्या डाव्या बाजूला गेली. आईचा उजवा कान गेल्या वर्षी बंद पडला होता. आतली नसच गेलीय, आता त्यावर उपाय नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मायलेकींनी ते आपल्यातच ठेवलं होतं.

“सांगून टाक ना बाबांना.”

“म्हणजे उद्याच ते गाण्यांचं यंत्र कपाटात जाईल. आणि त्यामागोमाग तुझे बाबाही.”

बाबांनी सगळी नोकरी छापखान्यात काढली. यंत्राच्या खडखडाटावरून कुठल्या चाकाचा दात झिजलाय ते सांगायचे. निवृत्त झाल्यावर ते घरात पाहुण्यासारखे बसून राहू लागले. मग एक दिवस हा म्युझिक प्लेअर आला. खिशात मावणारा, पण हातात घेतला की वजन कळावं असा. चांगला आवाज कसा काढायचा याचाच मग त्यांना ध्यास लागला. गाणी मोठ्या फायलींचीच हवीत, दाबून लहान केलेली नकोत. नवा इयरफोन आधी आठवडाभर नुसता वाजत ठेवायचा, म्हणजे तो मोकळा होतो. स्पीकरचं नाव काढलं की म्हणायचे, “अत्तर बादलीत ओततात का कुणी?”

संध्याकाळी दोघं सोफ्यावर बसत. बाबा उजवीकडे, आई डावीकडे. एकच तार. तिचं डावं टोक बाबांच्या डाव्या कानात, उजवं टोक आईच्या उजव्या कानात.

“निदान दोघांना वेगवेगळे इयरफोन तरी घ्या,” लेक म्हणाली.

“मग एवढं खेटून कोण बसेल?” आईनं दातानं दोरा तोडला. “या वयात निमित्त लागतं गं.”

“पण ऐकू येत नाही तर अर्धा तास करतेस काय?”

“त्यांची बोटं गुडघ्यावर ठेका धरतात. ती बघते आणि मान हलवते. सवयीनं जमतं.”

संध्याकाळ झाली. बाबांनी मऊ फडक्यानं इयरफोनच्या स्पंजी टोप्या पुसल्या. एक टोपी चिमटीत दाबून बारीक केली, आईच्या कानात बसवली आणि ती फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवली. “आवाज आत राहिला पाहिजे. बाहेर सांडला की गेला,” ते म्हणाले. मग स्वतःचं टोक कानात घातलं आणि कळ दाबली. त्यांची बोटं गुडघ्यावर पडू लागली. आईची मान हलू लागली.

“आता उघडला का आवाज?”

“वा! अगदी समोर बसून गातायत.”

बाबांनी क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा प्लेअरच्या पडद्यावर काहीतरी सरकवलं. लेक समोर बसून दोघांकडे बघत होती.

बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना पाना हवा होता. बाबा कानातलं टोक काढून सोफ्यावर ठेवून उठले.

बोटं गेली तशी आईची मान थांबली. ती निवांत नखं बघत बसली. लेक बाबांच्या जागेवर येऊन बसली आणि त्यांचं टोक तिनं कानात घातलं.

काहीच नाही.

तिनं ते आणखी आत दाबलं. नवी तार पहिल्याच दिवशी तुटली की काय? तिनं प्लेअर उचलला. गाणं चालू होतं. आवाज जवळजवळ शेवटापर्यंत चढवलेला होता. त्याच्याखाली डाव्या-उजव्या बाजूंत आवाज वाटून देणारी एक पट्टी होती. तिच्यावरचा ठिपका पार उजवीकडे, टोकाला जाऊन टेकला होता.

बाबा परत आले आणि तिच्या हातातला प्लेअर बघून थबकले.

“बाबा, तुमच्या बाजूला काही वाजतच नाहीये.”

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आईच्या कानातल्या टोपीकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या आवाजात हिला काय ऐकू जाणार, असं त्यांना वाटलं असावं. तरी ते वाकून हळूच बोलले.

“हिचा कान मंदावलाय. मला कधीच कळलंय ते. मग माझ्या बाजूचा आवाज तिच्याकडे सरकवत गेलो. रोज थोडा थोडा, तिच्या लक्षात येऊ नये म्हणून. आता सगळा तिच्याकडेच आहे.”

“आणि तो ठेका?”

“ती मान हलवते ना? तिच्याकडे बघून धरतो.”

लेकीनं तोंडावर हात ठेवला.

“एवढं करूनही ती अजून गुणगुणत नाही,” बाबा म्हणाले. “मनापासून ऐकू आलं की ती गुणगुणते. बेसूर. ते ऐकल्याला वर्ष होत आलं. म्हणजे अजून कुठेतरी कमी पडतंय. उद्या दुसऱ्या टोप्या बघतो.”

आईचा डावा कान मोकळाच होता. आणि गाणं तर त्या खोलीत कुणालाच ऐकू येत नव्हतं. तिनं शब्द न् शब्द ऐकला होता.

तिनं उजव्या कानातली टोपी काढली आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

“टोप्या नका आणू हो,” ती म्हणाली. “हा कान गेलाय माझा. पार गेलाय. या डाव्या बाजूला येऊन बसा.”