दुसरी डहाळी

“खिंडीपर्यंत येन मी. त्याच्यापुढं एक पाऊल नाय,” धोंडीबाईने बंगल्याच्या पायरीवर उभ्या उभ्याच सांगून टाकले.

टिपणीस सरांना खिंडच हवी होती. दिवाळीच्या सुट्टीत किन्हवलीच्या पुढचा हा बंगला त्यांनी आठवडाभर घेतला, तोच मुळी आसपासच्या जुन्या वाटा पालथ्या घालायला. सगळी हयात इतिहास शिकवण्यात गेलेली. घडवलेला दगड दिसला की सरांना त्यात सातवाहन दिसत. बंगल्याची पायरीसुद्धा त्यांनी वाकून तपासली होती. ती दोन वर्षांपूर्वी सापगावच्या गवंड्याने बसवली होती, पण बंगल्याची झाडलोट करणाऱ्या धोंडीबाईने पाहुण्यांचा हिरमोड केला नाही.

सरांच्या बायकोने, नलूताईंनी, चढ सुरू झाल्यावर विचारले, “पुढे का नाही हो?”

“पलीकडं भावाचा गाव हाय.”

“मग चांगलंच की. भाऊबीज कालच झाली.”

धोंडीबाई पुढे होऊन चालू लागली.

खिंडीच्या अलीकडे शहापूर तालुका, पलीकडे मुरबाड. पलीकडच्या पहिल्याच वाडीत तिचा भाऊ लडकू. लडकूची लेक तिने सून करून घ्यायची, असे बहीणभावांचे ठरले होते. तिच्या मुलाने, सुनीलने मात्र कारखान्यात बरोबर काम करणारी मुलगी पसंत केली आणि लग्न करूनच घरी आणली. लडकू म्हणाला, आजपासून मला बहीण नाही. धोंडीबाई म्हणाली, बरं. दोघे एकाच आईची. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. या गोष्टीला सहा वर्षे झाली. भाऊबीजेच्या दिवशी ती घरातली असतील नसतील तेवढी भांडी घासायला काढायची.

“या वाटेनं कल्याणच्या बंदराला बैलांचे तांडे जात,” सर धापा टाकत म्हणाले. “दोन हजार वर्षं.”

“जात असतील. माझी आय मोहाची फुलं घेऊन जायाची. आता यष्टी वळसा घालून जाते, मंग इकडून कोण येतो?”

खिंडीत वारा होता. वाटेच्या कडेला एक उभा दगड आणि त्याच्यापुढे सुकलेल्या डहाळ्यांचा ढीग. धोंडीबाईने ऐनाची एक डहाळी मोडली.

“खिंडीची देवी ही. आल्यागेल्या माणसानं पाला वाहायचा.” नलूताईही डहाळी मोडू लागल्या, तशी ती पुढे म्हणाली, “आपली एक. नि घरचं जे माणूस संगं यायला पायजे होतं, पन आलं नाय, त्याची दुसरी. ती आपल्या डहाळीला बांधायची.”

“तुम्ही एकच मोडलीत.”

“मला नाय कुनाची बांधायची.”

तोवर सर दगडापुढे उकिडवे बसले होते. पाल्याखाली काही कोरलेले असावे अशी शंका येऊन ते एकेक डहाळी उचलून बाजूला ठेवत होते. धोंडीबाई त्यांना थांबवायला धावली आणि जागीच खिळली.

सरांच्या हातात दोन डहाळ्या होत्या, एकत्र बांधलेल्या. पाने अजून हिरवी, कडेला जराशी कोमेजलेली. बांधायला ओल्या सालीची दोरी, आणि तिला उलटा पीळ. लडकू डावखुरा. लहानपणी तो दोरी वळायचा तेव्हा दुसरे टोक धरायला धोंडीबाईच असायची. त्याचा पीळ तिने लाखांत ओळखला असता.

ती सरांशेजारी खाली बसली. ढिगात हात घातला. खाली तसलीच जोडी, पाने वाळून करकरीत झालेली. तिच्याखाली नुसत्या काटक्या, पण दोरी तशीच. त्याच्याखाली हाताला माती लागली.

तिला आधी रागच आला. दर भाऊबीजेला इथवर यायचे आणि इथूनच परत फिरायचे, ही कुठली रीत? तिचे घर इकडच्या उतारावर अर्ध्या तासावर होते. मग तिच्या ध्यानात आले, की आपण तर इथवरही आलो नव्हतो. तिला रडू फुटले, आणि ते तिने पदराने झाकले नाही.

सरांना दगडावर चंद्र आणि सूर्य सापडले होते. मागे न पाहताच ते म्हणाले, “किती जुनं असेल हे, धोंडीबाई?”

“सहा वर्सांचं,” ती म्हणाली. “वरलं कालचं.”

तिने सगळ्या डहाळ्या होत्या तशा रचल्या. आधी काटक्या, त्यावर करकरीत पाने, त्यावर हिरवी जोडी, आणि सगळ्यांच्या वर आपली एकटी डहाळी. मग ती उठली, लुगडे झटकले आणि मुरबाडच्या अंगाला चार पावले उतरून मागे वळली.

“चला, सर. पलीकडं बी दगड हायेत. चहा पन मिळंल.”

नलूताईंना काय समजले, कितपत समजले, कोण जाणे. त्यांनी झटकन ऐनाची एक डहाळी मोडली आणि तिच्यापुढे धरली.

“थांबा, ही दुसरी. बांधा तुमच्या डहाळीला.”

“आता कशाला?” धोंडीबाई म्हणाली. “त्याच्याकडंच तर चाललेय.”