रस्त्यापलीकडचं मैदान

सदर या वस्तीतली घराजवळची शाळा सोडून सुनेत्रानं हट्टानं लेकीला, अवंतिकेला, हमरस्त्यापलीकडच्या शाळेत घातलं, कारण तिथं मैदान होतं. नवऱ्याला, आल्हादला, ते पटलं नव्हतं. पहिल्याच सकाळी रस्ता ओलांडताना ऑटो इतका जवळून गेला की लेकीच्या हातातली बाटली चाकाखाली चेपली. "पाहिलं? जवळच्याच शाळेत घालू," आल्हाद तिला मागे ओढत म्हणाला. "काहून बाबा? तिथं सुट्टीतपण बाकावरच बसवतात!" अवंतिका रडकुंडीला आली. कितीतरी मुलं कडेला ताटकळली होती. सुनेत्रा रस्त्यात उतरली आणि हात पसरून उभी राहिली. "दीदी, मरना है क्या?" टेम्पोवाला खेकसला. "रुको भैया! पहले बच्चे जाएंगे." पण दुसऱ्या बाजूनं गाड्या येतच होत्या. आल्हादनं लेकीचा हात सोडला, धावत जाऊन ती बाजू अडवली आणि ओरडला, "अवंतिका, पळ मैदानावर!"