हॉट डॉगचं साल

मैत्रिणींसाठी बबितानं यवतमाळच्या फ्लॅटवर हॉट डॉगचा घाट घातला होता. पावात महागडं सॉसेज, वर घट्ट राजमा, कांदा आणि किसलेलं चीज. नेमकी त्याच दुपारी पुसदकडच्या तांड्यावरून तिची आई लालीबाई आली. लेकीला लहानपणी आवडायचं म्हणून बकऱ्याचं आतडं सात पाण्यानं धुऊन, त्यात खिमा भरून तिनं डबा आणला होता.

"याडी, तो डबा उघडू नको. लोकाईले किळस येते," असं म्हणून बबितानं आईला आतल्या खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं.

मैत्रिणी बोटं चाटत खात होत्या. एकीनं विचारलं, "सॉसेजचं हे वरचं साल कायचं असते गं?"

बबितानं पाकीट पाहिलं. बारीक अक्षरात छापलं होतं, मेंढीचं आतडं.

"काय माहीत बाई," म्हणत तिनं पाकीट मुठीत चुरगाळलं आणि तोंड लपवायला एक हॉट डॉग घेऊन आईकडे आत गेली. लालीबाईचा पहिलाच घास तोंडात थांबला. उठून या वेळी तिनंच दार लोटून घेतलं.

 

"भिऊ नको, बाई. तुह्या मैत्रिणीईले नाही सांगत मी."