डोळे मिटून

गणपतीचे डोळे आखावेत तर रंभानेच, असं अख्खं पेण म्हणे. आता तिची स्वतःची नजर जात चालली होती, आणि हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आखणी हाताला पाठ होती. काळजी वाटेचीच होती. म्हणून रामवाडीतल्या घरापासून मूर्तींच्या कारखान्यापर्यंत ती रोज डोळे मिटून चालायची. पोह्यांच्या गिरणीचा वास आला की डावीकडे, देवळाची घंटा ऐकू आली की सरळ, ओल्या शाडूचा गारवा लागला की दार. आज ती न ठेचकाळता, नेहमीपेक्षा लवकर पोहोचली. खुशीत तिने डोळे उघडले. कारखानदार गुणाजी तिने काल आखलेले डोळे पुसून पुन्हा आखत होता. "कवापासनं?" तिने विचारलं. "गेल्या गणपतीपासनं. तुला सांगायचं कसं गो?" डोळे मिटून ती घराकडे वळली, पाय दारातच अडले. वाट तिने फक्त कामावर येण्याची पाठ केली होती.