कांगारूचा बाबा

“हेही नको!” निरंजनने सहावं पुस्तक काउंटरवर आपटलं.

चार वर्षांच्या मिहिकाला तो घरीच शिकवायचा, दर आठवड्याला एक प्राणी. या खेपेला तिने नेमका कांगारू निवडला होता. आणि जे पुस्तक उघडावं त्यात पानोपानी आई, आईची पिशवी, पिशवीत पिल्लू. मिहिकाची आई जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

“अहो साहेब, पिशवी आईलाच असते. त्याला मी तरी काय करू?” दुकानदारही वैतागला.

“मग यांचा बाबा कुठे उलथलाय? एका तरी चित्रात दाखवा!”

बाबाने आपटलेलं पुस्तक शेजारी उभ्या मिहिकाने उचललं, पानं उलटली आणि समजूत काढत म्हणाली, “असं काय करतोस, बाबा? तो पिल्लासाठी पुस्तक आणायला गेलाय ना!”