आलेखातला श्वास

“अगं, श्वास रोख! नाहीतर औषधाऐवजी तूच आलेखात उमटशील.” शेजारच्या स्टुलावरून गद्रे असे ओरडायचे, त्याला वर्षं झाली. निवृत्त होऊन ते गावी गेले. प्रयोगशाळेत ती एकटीच उरली. त्यांचं स्टूल मात्र तिनं कुणाला हलवू दिलं नाही.

आज इन्फ्रारेड यंत्रात तिनं औषधाचा थेंब ठेवला. पडद्यावरच्या रेषेत ओळखीच्या दऱ्या उतरत गेल्या. एक दरी मात्र औषधाची नव्हती. ती श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची होती. रिकाम्या स्टुलाकडे बघून तिनं उसासा टाकला होता.

तिनं फोन लावला. “गद्रे, आलेखात माझा श्वास आलाय.”

“वेंधळी ती वेंधळीच!” ते हसले. “पुसून टाक, परत घे.”

“नाही पुसत,” ती म्हणाली. “तुमच्यावाचून मला करमत नाही. कधीच करमलं नाही.”