नवरी, अकरा वाजता

लग्नासाठी मागितलेली एका दिवसाची रजा मला नाकारली. घरी मात्र मिळाली असंच सांगितलंय, तेव्हा तुम्हीही काही ऐकलं नाही असं समजा.

"रविवारी? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" पार्लरवाल्या ताईंनी बुकिंगची वही माझ्यापुढे आपटली. "दोघी आधीच आजारी पडल्यात. एका लग्नाची पंधरा माणसं यायचीत. अकरा वाजता नवरीचा मेकअप, तोही तुझ्याकडे."

मी वहीतलं नाव वाचलं. "ताई, ही नवरी म्हणजे मीच."

"असशील. पण बुकिंग तुझ्या आईंनी केलंय. नवरीला तुझाच हात हवा, दुसरी कुणी चालणार नाही म्हणाल्या."

"मग माझ्या लग्नाला मी जायचं कसं?"

"हे बघ, नियम सगळ्यांना सारखा. रजा हवी तर त्या दिवशीच्या गिऱ्हाइकाला विनंती करायची, वेळ बदलून घ्यायची. आणि लेखी हं, तोंडी नको."

मी तिथेच काउंटरवर अर्ज लिहायला घेतला.


"वधूस सविनय विनंती, की आमच्याकडील अपुरे मनुष्यबळ लक्षात घेऊन आपण आपला विवाह पुढे ढकलावा, जेणेकरून मला रविवारी माझ्या लग्नास हजर राहता येईल."